सुईवर पाला

पालेवालीचं तोंड फटकळ होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिऱ्हाइकाला ती कधी "या बसा" म्हणायची नाही. पोट सुटलेला माणूस समोर उभा राहिला की "किती महिन्यांचं आहे?" असं विचारायची आणि तोही बिचारा हसत खाली बसायचा. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, औषधांच्या दुकानापासून दहा पावलांवर तिचं गोणपाट पसरलेलं असायचं. त्यावर सुकलेल्या साली, कडू बियांची पूड, मुळ्यांच्या जुड्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोडमार पाला. आठवड्यातून दोनदा डोंगरातल्या आपल्या वस्तीवरून ती हा माल उतरवून आणायची. साखरेच्या आजारावरचं औषध हे तिच्या घराण्याचं. आजीने आईला दिलं, आईने तिला दिलं, आणि पुढे घ्यायला कोणी नव्हतं.

तिचा एक खेळ होता. तोच नडला, पण तो मोठा बघण्यासारखा होता खरा. नवं गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, "जीभ काढा." मग पाल्याची दोन पानं चघळायला लावायची आणि लगेच जिभेवर चिमूटभर साखर ठेवायची.

"कशी लागते?"

"अहो, कशीच नाही. वाळू खाल्ल्यासारखी."

"मेली," पालेवाली म्हणायची, आणि भोवती उभी राहिलेली चार माणसं हसायची. पाला जिभेची गोडी घटकाभर मारतो, रक्तातली साखर काही एका घासात मरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवलं तर खेळाची मजा जाते. कुठला जादूगार अस्तनी वर करून दाखवतो?

तिच्या लोकांत साखरेचे दोन आजार मानतात. एक जाड्याची साखर, दुसरी काडीची साखर. जाड्याची साखर उतारवयात येते आणि पाल्याने, सालीने, पायपिटीने बऱ्यापैकी वठणीवर राहते. काडीची साखर पोरांना होते. पोर पाण्यासाठी तडफडतं, सारखं लघवीला जातं आणि बघता बघता वाळून काडी होतं. त्यावर डोंगरात औषध नाही. पालेवालीचा पाठचा भाऊ असाच गेला होता. शेवटच्या दोन दिवसांत त्याच्या तोंडाला सडलेल्या फळाचा वास येत होता आणि आजी बाहेर पायरीवर हात जोडून बसली होती. त्यामुळे दवाखान्याची सुई घेणारं पोर दिसलं की पालेवालीला बरं वाटायचं. अशांना ती पाला द्यायची तो एवढ्याचसाठी की गोड खायची हाव कमी व्हावी. आधी सुई घ्यायची आणि सुई घेऊन झाली की मग दोन पानं चघळायची.

शिवणबाई तिच्याकडे आल्या त्या एका मंगळवारी. गल्लीत त्यांचा शिवणाचा क्लास होता, सहा मशिनं, अर्ध्या शहराच्या पोरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. नवरा परगावी नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. घरात दोन मुली. कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा बाईंचा खाक्या. त्यांनी पाला चघळला, साखर चाखली, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. पालेवालीला वाटलं, बाईच साखरेच्या आहेत.

"माझं नाही हो," शिवणबाई हळूच म्हणाल्या. "धाकटीचं आहे. सात वर्षांची असल्यापासून सुई घेते. आता पंधरावं चालू आहे. तिला चालेल का?"

"सुईवर पाला," पालेवाली म्हणाली. "रोज दोन पानं. बास."

आता बघा. जेवणावर गोळी घे म्हटलं की जेवण झाल्यावर घ्यायची. आणि तापावर गोळी घे म्हटलं की ताप जावा म्हणून घ्यायची. शहराच्या भाषेत दोन्हीला शब्द एकच. पालेवालीच्या बोलीत दोन वेगळे शब्द आहेत आणि तिथे असा घोटाळा कोणी पोरसुद्धा करणार नाही. ती म्हणाली सुई झाल्यावर पाला. शिवणबाईंनी ऐकलं की सुई जावी म्हणून पाला आहे. एकदा नुसतं विचारायचं, "म्हणजे सुई बंद करायची का?" कापड दोनदा मोजणाऱ्या बाईने हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना, आणि उत्तर त्यांना नकोच होतं.

कारण गुरुवारी थोरलीच्या सासरची मंडळी राहायला येणार होती. होणारा नवरा, त्याचे आईबाप, चार दिवस मुक्काम. लग्न जवळपास ठरलेलं, फक्त घर बघणं बाकी. आणि त्या घरात रोज चार वेळा एक पोर पोटात सुई खुपसते हे व्याह्यांना दिसलं असतं, तर पुढचं सांगायला नको. रोग घराण्यात आहे, उद्या थोरलीला होईल, परवा तिच्या पोरांना होईल. बुधवारी संध्याकाळी शिवणबाईंनी सगळ्या सुया आणि बाटल्या गोळा करून आपल्या कपाटात कुलपात टाकल्या. धाकटीला जवळ घेतलं, तिचे केस विंचरले आणि सांगितलं, "आता तुला सुई नाही लागणार, राजा. तुझ्या ताईसाठी चार दिवस पाला खा." धाकटीचा ताईवर जीव. तिने मुकाट्याने पाला खाल्ला. साखर वाळूसारखी लागली तेव्हा तीही खूश झाली.

शनिवारी दुपारी थोरली धापा टाकत दवाखान्याच्या भिंतीशी आली. नवी साडी, चेहरा पांढराफटक.

"आईने अजून पाला मागितलाय. धाकटीला कमी पडतोय. सकाळपासून उलट्या करतेय."

पालेवालीने मान वर केली. "सुई किती वाजता घेतली तिने?"

"सुई कशी घेईल? तुम्हीच सांगितलंत ना, सुईवर पाला म्हणून. बुधवारपासून बंद आहे."

पालेवाली उठलीच. गोणपाट, साली, पूड सगळं तिथेच टाकून ती चालायला लागली आणि थोरली तिच्या मागून पळायला लागली. "अगं भवाने, तीन दिवस," ती पुटपुटत होती, "तीन दिवस, आणि कोणाला काही दिसलं नाही?" थोरली रडत म्हणाली, "मागच्या दाराने चला, पुढे पाहुणे बसलेत."

क्लासच्या खोलीत शिवणाची मशिनं भिंतीला सरकवून खाली गादी टाकली होती. धाकटी त्यावर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले, आणि श्वास कसा, लांबून पळत आल्यासारखा, खोल आणि भराभर. पालेवालीने खाली वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. सडलेल्या फळाचा वास. भावाच्या वेळी ती नऊ वर्षांची होती आणि तिला काही कळलं नव्हतं. आता सगळं कळत होतं.

"सुई कुठाय?" ती शिवणबाईंना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. ही मरतेय."

"हळू बोला," शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. "चार वाजता ते बाजारात जाणार आहेत. ते गेले की लगेच नेते. दीड तासाचा तर प्रश्न आहे."

"दीड तासात पोर राहील का?"

"तुम्ही पाला आणलाय ना? तो द्या तोवर."

"बाई, तुम्ही आई आहात का कोण आहात?"

"दोघींची आहे," शिवणबाई म्हणाल्या. "एकीची असते तर सोपं होतं."

पालेवालीने शिवणबाईंना बाजूला ढकललं आणि पुढच्या खोलीचं दार उघडलं. तिथे होणारा नवरा, त्याची आई आणि त्याचा बाप चहा पीत बसले होते. बाप म्हणजे वाहतूक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला, दांडगा, कडक इस्त्रीचा माणूस.

"आत पोरगी मरतेय," पालेवाली म्हणाली. "गाडी असेल तर काढा. तिला साखर..."

पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघालाच नाही, कारण मागून शिवणबाई किंचाळल्या, "हिनेच मारली! हिनेच माझ्या पोरीला कसला तरी पाला चारला हो! विष घातलं हिने!"

काय म्हणावं त्या बाईच्या डोक्याला! एका दमात तिने आजारही झाकला, लग्नही सावरलं आणि गुन्हेगारही हजर केला. होणारा नवरा आत धावला. व्याह्याने हातातला कप खाली ठेवला, नीट बशीत ठेवला, आणि पालेवालीच्या थोबाडीत अशी भडकावली की ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली. "जंगली साले," तो म्हणाला. "हिला सोडू नका. कुठला पाला दिला ते डॉक्टरांना दाखवायला लागेल." अशा रीतीने पालेवालीला गाडीत जागा मिळाली. पुढे व्याही, मागे शिवणबाईंच्या मांडीवर धाकटी, आणि दाराशी दाबून पालेवाली. ओठातून रक्त येत होतं तरी ती बडबडत होती, "साखर आहे तिला, साखर सांगा." व्याही म्हणाला, "तोंड बंद कर, नाहीतर इथेच उतरवीन." उतरवलं तर सांगणारं कोणी उरणार नाही, म्हणून जन्मात पहिल्यांदा तिने तोंड बंद केलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी धाकटीची नाडी धरली आणि विचारलं, "डायबेटीस आहे का हिला?"

व्याही शेजारीच उभा होता.

"नाही," शिवणबाई म्हणाल्या.

"आहे," पालेवाली म्हणाली. "काडीची साखर आहे. आठ वर्षं सुई घेतेय. तीन दिवसांपासून बंद आहे."

"माझी पोर मला माहीत नाही होय?" शिवणबाईंचा आवाज चढला. "पाला खाऊन झालंय हे. विषाचं काय ते औषध द्या ना!"

डॉक्टरीणबाईंनी एकदा या बाईकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, आणि दोघींवर विश्वास न ठेवता धाकटीच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला. साखर इतकी वर होती की यंत्रावर आकडाच उमटेना. मग धावपळ झाली. सलाईन आलं, नर्सेस आल्या, व्याह्याला बाहेर काढलं. डॉक्टरीणबाई शिवणबाईंना म्हणाल्या, "अजून तासभर उशीर केला असता तर मुलगी हाती लागली नसती. खोटं का बोललात?" शिवणबाईंनी चक्क त्यांचे पाय धरले. "बाहेर तेवढं सांगू नका हो. थोरलीचं जमलंय." पडद्याच्या अलीकडे पालेवालीला हे सगळं ऐकू येत होतं. तिला वाटलं, जाऊ दे. पोर वाचली ना, बस झालं.

बस झालं नव्हतं. व्याह्याने पोलिसांना आधीच फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चौकीतून दवाखान्यात आणलं. धाकटी शुद्धीवर होती. जबाब घ्यायला एक जमादार कागद घेऊन खुर्चीवर बसला होता, शेजारी डॉक्टरीणबाई, आणि पायथ्याशी शिवणबाई धाकटीची पावलं चोळत होत्या. चोळता चोळता तिच्याकडे बघत होत्या. व्याही दारात उभा होता.

"तू बाईंना काय सांगितलं होतंस?" जमादाराने पालेवालीला विचारलं.

"सुईवर पाला."

त्याने ते लिहून घेतलं. "म्हणजे सुईऐवजी."

"नाही हो. सुई झाल्यावर. आमच्या बोलीत त्याला दोन शब्द आहेत..."

"तुमच्या बोलीतला कागद नाही माझ्याकडे," जमादार म्हणाला. व्याही हसला. "हिला नुसत्या अशक्तपणाच्या सुया चालू होत्या, आईनेच सांगितलंय, आणि या बाईने तिला मरायला टेकवलं, एवढं लिहा," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. रोग्याचं गुपित बाहेर सांगायचं नसतं, असा नियम आहे, आणि नियम कधी कोणाच्या कामाला येईल ते सांगता येत नाही.

मग जमादार धाकटीकडे वळला. "बाळ, तू सांग. औषध बंद कर असं तुला कोणी सांगितलं?"

धाकटीने पालेवालीच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. मग पायथ्याशी पाहिलं. आईचे हात थांबले होते. दारापलीकडे बाकावर थोरली बसली होती, तिचं फक्त साडीचं टोक दिसत होतं.

"या मावशींनी," धाकटी म्हणाली.

"पोरी," पालेवाली म्हणाली.

"यांनीच सांगितलं. पाला विषारी होता." आणि मग कोणी विचारलं नव्हतं तरी ती पुढे म्हणाली, "मला कसलाही आजार नव्हता."

शिवणबाईंनी पुन्हा पावलं चोळायला सुरुवात केली.

पालेवालीला तीन महिने आत काढावे लागले. तोवर दवाखान्याच्या भिंतीवर तिच्या फोटोसकट कागद लागला, अशा लोकांपासून सावध राहा म्हणून. तिचा सगळा माल पालिकेच्या माणसांनी रस्त्यातच जाळला होता. सुटल्यावर ती तिथे बसायला गेली तर औषधांच्या दुकानदाराने बादलीभर पाणी ओतलं. बारा वर्षं तिच्याकडून साल नेणारा म्हातारा घड्याळजी रस्ता ओलांडून पलीकडून गेला. खरं तर त्याची साखर त्या सालीने आणि रोजच्या चालण्याने कधी नव्हे ती आवाक्यात होती. पण लोकांना दोष देऊन काय होणार? डोंगरावर परत जावं तर वस्तीवरची माणसं म्हणायला लागली, हिने घराण्याचं औषध बाटवलं. मग ती बसस्थानकाच्या मागे, मुतारीच्या भिंतीकडे बसायला लागली. जीभ काढा वगैरे खेळ बंद. कोणी आलंच तर आधी पाच मिनिटं नियम सांगायची, इतके की माणूस कंटाळून उठून जायचा.

धाकटी तिथे आली तेव्हा टळटळीत दुपार होती. अंगावर चांगले कपडे, हातात प्रवासाची बॅग. पालेवालीने तिला ओळखलं आणि मान फिरवली. पण पोर समोर उकिडवी बसली.

"मावशी, पाला हवाय. पंधरा दिवसांचा."

"कशाला?"

"ताईच्या सासरी चाललेय. तिची तब्येत बरी नाही, मदतीला बोलावलंय. तिथे सुया नेता येत नाहीत. तिच्या सासूला दिसलं तर ताईला घरात ठेवणार नाहीत."

पालेवालीला राग यायला हवा होता. राग यायचा तेव्हा तिला फार बरं वाटायचं, अंगात ऊब यायची. पण त्या पोरीची मनगटं बघून तिला रागच येईना. भावाची मनगटं अशीच झाली होती.

"तीन दिवसांत काय झालं होतं, विसरलीस?"

"आई म्हणते, तेव्हा तुम्ही नीट दिला नव्हता. खरा पाला वेगळा असतो, तो तुम्ही लपवून ठेवता."

"आणि तुला काय वाटतं?"

धाकटी फडक्यातली पानं बोटाने चाळवत राहिली. तिला कळत होतं. पंधरा वर्षांची होती, कुक्कुलं बाळ नव्हती. दवाखान्यात तिला सगळं समजावून सांगितलं होतं. तरी ती आली होती.

"ऐक माझं," पालेवाली म्हणाली. "सुया कपड्यात गुंडाळून ने. न्हाणीघरात घे. कोणाला कळणार नाही."

"कपाटाची किल्ली आईकडे असते."

"मग मी येते तुझ्याबरोबर. त्या सासूला समजावते. हात जोडते. असा आजार अंगाला लागत नाही, पोरंबाळं होतात, माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, सगळं सांगते. फक्त सुई घ्यायला लागते."

तेव्हा धाकटी हसली. लहान पोराने काही वेड्यासारखं विचारलं की मोठी माणसं हसतात, तसं.

"तुमचं कोण ऐकणार, मावशी?" ती म्हणाली. "तुम्ही विष देता म्हणून मीच तर सांगितलंय सगळ्यांना."

बसवाल्याने गावाचं नाव पुकारलं. धाकटीने फडक्यातला पाला मुठीने उचलून बॅगेत कोंबला आणि उठली. पालेवालीने तिचा पाय धरला, दोन्ही हातांनी धरला, आणि ती ओरडायला लागली की हिला अडवा, ही मरायला चाललीय, अहो कोणीतरी अडवा. लोक जमले. दोघा जणांनी पालेवालीचे हात सोडवले, एकाने तिला ढकलून मागे बसवलं, आणि तिसऱ्याने पोरीची बॅग उचलून तिला बसमध्ये खिडकीजवळची जागा करून दिली.